तिसरा रकाना

आमच्या आईनं जन्मात एकच पद भूषवलं, आणि तेही जपानी लोकांचं. मिरजेच्या घरी पंधरा वर्षं तिला आज भाजी कोणती करायची हेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. ते मोठी काकू ठरवायची आणि आई निवडायची, चिरायची, फोडणीला टाकायची. तीच आई सिंगापूरला येऊन तीन आठवडे होतात न होतात तोच चोवीस जपानी कुटुंबांची प्रमुख झाली. जपानी तिला येत नव्हतं. इंग्रजी बेताचं. ही हकिकत मी सांगायला लागले की लोकांना वाटतं, मीनल तिखटमीठ लावून सांगतेय. आता या वयात तिखटमीठ डॉक्टरांनीच तोडायला सांगितलं आहे, तेव्हा जसं घडलं तसंच लिहिते.

बाबा मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर होते. चार-पाच महिने समुद्रावर, दोन महिने घरी. कंपनीनं एका जपानी इंजिनिअरसाठी सिंगापूरच्या पश्चिमेला, चोआ चू कांगच्या अलीकडे, एका कॉन्डोत, म्हणजे फाटक-रखवालदार असलेल्या सोसायटीत, फ्लॅट घेऊन ठेवला होता. तो इंजिनिअर अचानक मायदेशी गेला, भाड्याचा करार उरला, आणि रिकामा ठेवण्यापेक्षा म्हणून तो फ्लॅट बाबांना मिळाला. जपानी शाळेची बस फाटकाशीच थांबायची, त्यामुळे आमच्या ब्लॉकमधल्या पंचवीस घरांपैकी चोवीस जपान्यांची आणि पंचविसावं आमचं. बाकीची मराठी मंडळी हौगांगला नाहीतर सेरंगूनला राहायची, एकमेकांकडे गणपतीला जायची. आम्ही मात्र परदेशात राहणाऱ्या परदेशी लोकांत परदेशी. फाटकावरचा रखवालदारसुद्धा सवयीनं आम्हाला कमरेत वाकून नमस्कार करायचा, आणि आई पदर सावरत त्याला उलट वाकायची. दोघांपैकी कुणीच जपानी नव्हतं, पण दोघांनीही ते कधी मनावर घेतलं नाही.

त्या इमारतीत आवाज म्हणून नव्हता. दारं आपटायची नाहीत, मुलं रडायची नाहीत, लिफ्टमध्ये लोक श्वाससुद्धा परवानगी काढून घेत असावेत असं वाटायचं. त्यात आमचा कुकर. पहिल्या दिवशी त्यानं पहिली शिट्टी दिली तेव्हा खालच्या मजल्यावरची बाई चपला घालून वर आली आणि दारात उभी राहून हळूच म्हणाली, "फायर?" आईनं तिला आत नेऊन कुकर दाखवला, झाकण उघडून वरणभात दाखवला, आणि वाटीभर दिलाही. पुढे काही महिन्यांनी कळलं की त्या बाईनं घड्याळ बघणंच सोडलं होतं. आमची तिसरी शिट्टी झाली की ती आपल्या मुलाला अंघोळीला पाठवायची.

जहाजावर जाण्याआधी बाबांनी आईला समोर बसवून सांगितलं होतं, "हे बघ, वर्षभर बघू. रमलीस तर छानच. नाही रमलीस तर तू आणि मीनू मिरजेला परत. दादा-वहिनी आहेतच." बाबांना वाटलं, आपण सोय सांगतोय. आईच्या तोंडचं पाणी पळालं. का पळालं हे मला त्या वयातही कळत होतं, कारण मी तिला रोज दुपारी चार वाजता बघत होते. चारला ती एक कप चहा करायची, बाल्कनीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायची, आणि तो चहा संपेपर्यंत उठायची नाही. मिरजेत अकरा माणसांचा चहा झाल्यावर तिचा कप ओट्यावर असायचा. दोन घोट उभ्यानं, मग कुणीतरी हाक मारायचं, आणि संध्याकाळी तोच कप साय धरलेला मोरीत जायचा. तिथे मी तिला बसून, पूर्ण चहा पिताना कधीच पाहिलं नव्हतं. इथे पाहिलं. तिला सिंगापूरचं आणखी काही नको होतं. ती खुर्ची हवी होती.

तर तिसऱ्या आठवड्यात दाराबाहेर एक पाटी आली. पाटी म्हणजे पुठ्ठ्याचा क्लिपबोर्ड, त्यावर जपानीत छापलेले कागद, आणि सर्वात वर घरांच्या नंबरांची यादी. ही जपान्यांची जुनी पद्धत: नोटीस घरोघर फिरवायची, प्रत्येकानं बघितली म्हणून आपल्या नावाचा छोटा गोल तांबडा शिक्का मारायचा, आणि शेजारच्या दाराशी ठेवायची. आमच्याकडेही सोसायटीची नोटीस घेऊन वॉचमन फिरतो आणि आपण न वाचता सही करतो, तेव्हा आईला यात अवघड काही वाटलं नाही. आमच्या नंबरापुढे तीन रकाने होते आणि तिन्ही कोरे. आईनं बॉलपेन घेतलं आणि थबकली. वरपासून आमच्यापर्यंत सगळे शिक्के तांबडे, गोल, टवटवीत. त्यात निळ्या शाईची सही? "सुतकातल्यासारखी दिसेल गं," ती म्हणाली. मग तिनं देवापुढचा करंडा आणला, कुंकू पाण्यात कालवलं, आणि अनामिकेनं तीन गोल टिळे लावले. मी सांगितलं की इतरांनी दोनच रकान्यांत शिक्के मारलेत, तिसरा सगळ्यांचा कोरा आहे. आई म्हणाली, "म्हणून आपण कोरा ठेवायचा? बाईमाणसानं रिकामी जागा ठेवून काही परत पाठवू नये." ओटीत तांदूळ घालावेत तशा समाधानानं तिनं तो तिसरा टिळा लावला होता.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात सहा जपानी बायका, सगळ्या कागदात गुंडाळलेली खोकी घेऊन, सगळ्या एकदम वाकलेल्या. पुढे शेजारच्या मोरिता-सान, 'सान' म्हणजे आपलं 'बाई'. पन्नाशीच्या, सडपातळ, चष्म्याच्या. त्यांनी एक छोटं भाषण केलं आणि भाषण करता करता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं, नव्या बिऱ्हाडाचं स्वागत करायला आल्यात, किती मायेची माणसं! तिनं सहाहीजणींना आत बोलावून पाटावर नाही तरी सोफ्यावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, फणसाचे तळलेले गरे दिले. जाताना त्यांनी एक पत्र्याचा डबा आमच्या टेबलावर ठेवला. डब्यात एक सीडी, एका खोलीची किल्ली, काही पुठ्ठ्याची कार्डं, आणि दंडावर बांधायची एक पिवळी पट्टी, तिच्यावर काळी जपानी अक्षरं. पट्टी आईला फारच आवडली. दुसऱ्या दिवशी ती दंडाला बांधून ती लिटल इंडियात भेंडी आणायला गेली.

दोन दिवसांनी मोरिता-सानची मुलगी युका लिफ्टमध्ये भेटली. माझ्याच वयाची, इंग्रजीची शिकवणी लावलेली. तिनं मला गंभीरपणे सांगितलं की तुझ्या आईच्या दंडावर 'प्रमुख' असं लिहिलेलं आहे. पाटीवरचा पहिला रकाना 'नोटीस पाहिली', दुसरा 'उत्सवाला येणार', आणि तिसरा 'पुढचं वर्षभर प्रमुखपद स्वीकारायला तयार'. तिसऱ्या रकान्यात गेल्या नऊ वर्षांत कुणी शिक्का मारला नव्हता. म्हणून नऊ वर्षं तिची आईच ते ओझं वाहत होती, आणि परवा ती आमच्याकडे रडली ती सुटकेपायी. मी विचारलं, ही चूक आहे हे कुणालाच कळलं नाही का? युका म्हणाली, "सगळ्यांना. लगेच." पण आईचा अपमान न होता ते कसं सांगायचं यावर बायकांच्या बैठका चालू होत्या. पुढे तिनंच सांगितलं की अशा तीन बैठका झाल्या, वाक्याचे अकरा मसुदे झाले, आणि एकही पुरेसा सभ्य वाटला नाही. तोवर आई पट्टी बांधून हिंडूही लागली होती.

आईला हे सांगितलं तेव्हा तिनं पट्टी सोडून डब्यात ठेवली. त्या रात्री जहाजावरून बाबांचा फोन आला. तो फोन फार महाग आणि फार थोडा वेळ असायचा, त्यामुळे आई एका दमात बोलली: पाटी, रकाना, सही, आता नाही म्हणून सांगू का. चूक झाली हे तिनं सांगितलं नाही. ते बाबांना सांगणं म्हणजे मिरजेचं तिकीट काढणं. पलीकडून इंजिनाच्या घरघरीत बाबा ओरडले, "सही केलीस ना? मग निभव! आमच्या इंजिनरूममध्ये लॉगबुकात सही केली की माणूस बांधला गेला. वाचून केली की न वाचता, ते समुद्र विचारत नाही!" फोन कटला. आईनं डोळे पुसले, पत्र्याचा डबा पुढे ओढला, आणि मला म्हणाली, "त्या पोरीला बोलाव. काय काय करायचं असतं ते लिहून घे."

करायचं असायचं ते असं. शाळेच्या सुट्टीत सकाळी साडेसहाला अंगणात सीडी लावायची, पियानो वाजायला लागायचा, आणि मुलांनी उगवत्या सूर्याकडे तोंड करून व्यायाम करायचा. सिंगापुरात सूर्य सातच्या पुढे उगवतो. त्यामुळे तीसेक मुलं आणि पुढे साडी खोचून आई, असे सगळे मिट्ट अंधारात हात वर करून न उगवलेल्या सूर्याला सामोरे उभे असायचे. व्यायाम झाला की प्रमुखानं मुलांच्या कार्डावर हजेरीचा शिक्का मारायचा. आईजवळ शिक्का नव्हताच; ती करंडा घेऊन बसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी एका चिमुरड्यानं कार्डाऐवजी कपाळ पुढे केलं. आईनं टिळा लावला. दुसऱ्या दिवसापासून सगळी रांग कपाळं पुढे करून. सुट्टीतल्या पोहण्याच्या वर्गासाठी जपानी शाळेच्या बसमध्ये तीस मुलं कुंकू लावून चढताना बघून ड्रायव्हर काय समजला असेल कोण जाणे.

दुसरं काम कचऱ्याचं. सगळी घरं कचरा पाच प्रकारांत वेगळा करायची. दुधाचे खोके धुऊन, वाळवून, कापून सपाट करून, सुतळीनं बांधलेले. बाटल्यांची झाकणं वेगळी, बाटल्यांवरची लेबलं वेगळी. मंगळवारी आणि शुक्रवारी तळमजल्यावर प्रमुखानं उभं राहून हे तपासायचं. आईला हे काम मनापासून आवडलं. डाळ-तांदूळ निवडण्यात आयुष्य गेलेलं. ती एखादं झाकण चुकीच्या पिशवीत सापडलं की नुसती त्या बाईकडे बघायची, आणि ती बाई लाजेनं लाल व्हायची. तिसऱ्या आठवड्यात आई विसरलेली छत्री आणायला परत खाली गेली, आणि तिनं पाहिलं की सफाईवाले चिनी अंकल त्या पाचही प्रकारच्या पिशव्या एकाच मोठ्या हिरव्या डब्यात ओततायत.

"अंकल! व्हाय ऑल टुगेदर?"

"आंटी, लॉरी ओन्ली वन मा," अंकल शांतपणे म्हणाले. "ऑल सेम-सेम लाह."

आई तशीच मोरिता-सानच्या दाराशी गेली, मी मागोमाग. दोघींचं इंग्रजी साधारण एकाच मापाचं होतं, त्यामुळे त्यांचं छान जमायचं. आईनं सगळं हातवारे करून सांगितलं. मोरिता-साननी दारातल्या चपला जुळवून सरळ ठेवल्या.

"आय नो," त्या म्हणाल्या. "नाइन इयर्स."

"अदर लेडीज?"

"एव्हरीबडी नो."

"देन व्हाय?"

मोरिता-साननी विचार केला. "वुई सेपरेट," त्या म्हणाल्या. "आफ्टर, नॉट अवर बिझनेस."

मला वाटलं आता आई हसेल किंवा चिडेल. ती परत येताना एकदम हलकी झालेली. "अगं, आपण देवाला नैवेद्य दाखवतो, तो काय देव येऊन खातो?" ती म्हणाली. "आपलं आपण नीट करायचं." आणि पुढच्या शुक्रवारी ती दुप्पट कडकपणे झाकणं तपासायला उभी राहिली. आज मीही दुधाची पिशवी धुऊन वाळत घालते. आमच्या सोसायटीतली गाडीही एकच आहे. मला कुणी विचारलं तर काय सांगावं हे अजून ठरलेलं नाही.

मोठं काम उत्सवाचं. ऑगस्टच्या शेवटी हे लोक उन्हाळ्याला निरोप द्यायचा उत्सव करायचे. आईनं मोरिता-सानना विचारलं, इथे उन्हाळा कधी संपतो? त्या आकाशाकडे बघून म्हणाल्या, "हियर, नेव्हर." पण निरोप ऑगस्टमध्येच द्यायचा. तेव्हा छत्तीस घामेजल्या बायका, चोवीस घरच्या आणि काही पाहुण्या, जाड झगे घालून अंगणात फेर धरणार, हे ठरलं. फेर म्हटल्यावर आई उजळली. फेराच्या मध्ये काहीतरी हवं, नुसता खांब कसा? तिनं पाटावर खडूनं हत्ती काढून मध्ये ठेवला. पाठोपाठ खिरापत. झाकलेल्या डब्यात काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं, तोवर मिळणार नाही, असा आमच्या भोंडल्याचा नियम आईनं जाहीर केला आणि मी इंग्रजीत, युकानं जपानीत सांगितला. कुणी ओळखेना. चुकीचं नाव घेऊन यजमानणीचा अपमान कोण करणार? वीस मिनिटं बायका कुजबुजल्या, मग एकमतानं एक कागद आईच्या हातात आला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'करी.' डब्यात सुरळीच्या वड्या होत्या. आईनं कागद वाचला, छत्तीस घामेजलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "करेक्ट."

असं ते वर्ष गेलं. मधे एक गोष्ट युकानं मला सांगितली होती, ती इथेच सांगायला हवी. प्रमुखानं आपलं वर्ष पुरं होईपर्यंत इमारत सोडायची नाही, असा रिवाज होता. फार पूर्वी एक कुबो-सान म्हणून प्रमुख होत्या. त्यांच्या नवऱ्याची बदली झाली. नवरा गेला, मुलं गेली, सामानही गेलं. कुबो-सान रिकाम्या फ्लॅटमध्ये आठ महिने एका गादीवर राहिल्या आणि वर्ष पुरं करून मगच विमानात बसल्या. मी ही गोष्ट आईला हसत हसत सांगितली. आई हसली नाही. तिनं ती दोनदा सांगायला लावली.

वर्ष संपायला पंधरा दिवस असताना, मधली सुट्टी न घेता लागोपाठ फेऱ्या करून, बाबा घरी आले. आल्या आल्या त्यांच्या लक्षात आलं की लिफ्टमध्ये सगळे त्यांच्या बायकोला वाकून नमस्कार करतात आणि त्यांना तिचं सामान उचलणारा माणूस समजतात. सुरुवातीला गंमत वाटली. "रमलीस की गं," ते म्हणाले, आणि मला वाटलं, सुटलो. पण रविवारी मिरजेहून मोठ्या काकांचा फोन आला. बाबा बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिले. फोन ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनींचे गुडघे गेलेत म्हणे. खाली बसता येत नाही. दादा म्हणतो, घर कोण बघणार? तू आणि मीनू महिनाअखेर गेलात तर..."

"तुम्ही म्हणाला होतात, रमले तर राहायचं," आई म्हणाली.

"म्हणालो होतो गं. पण तेव्हा वहिनींचे गुडघे ठीक होते."

आई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "पंधरा वर्षं माझे गुडघे कुणाला दिसले नव्हते," ती म्हणाली. इतकंच. बाबांना वाटलं, झालं, मान्य आहे. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता हो, पण घरातल्या बाईनं भांडण केलं नाही म्हणजे तिनं होकार दिला असंच त्यांच्या पिढीला शिकवलेलं. मी माझ्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. मला युका सोडायची नव्हती, आणि त्याहून जास्त, मला आई परत ओट्याशी उभी राहिलेली बघायची नव्हती. चार वाजता बाहेर आले तेव्हा वेताची खुर्ची रिकामी होती. आईनं त्या दिवशी चहा केलाच नाही. तिनं कुकर घासला. घासलेला कुकर परत घासला.

बुधवारी पाटी फिरायला निघाली. नव्या वर्षाची पाटी, प्रमुख या नात्यानं आईनंच तयार केलेली. कागद युकानं लिहिले, रकाने मी आखले. दरवेळी पाटी तळमजल्यावरून निघून आमच्याकडे मधेच यायची. यावेळी आईनं ती अशी फिरवली की आमचं घर शेवटचं. शनिवारी सकाळी ती दाराशी आली. मी उघडून पाहिली: चोवीस घरांचे तांबडे शिक्के पहिल्या दोन रकान्यांत, आणि तिसरा वरपासून खालपर्यंत कोरा. कुणाची हिंमत नव्हती.

आई माझ्याजवळ आली. "तिसरा तोच ना गं?" तिनं हळू विचारलं.

"तोच. आई, पण तूच लाव ना टिळा. तू लावलास की झालं!"

"मी लावला तर तुझे बाबा म्हणतील, पूस," आई म्हणाली. "गप्प बस आता."

बाबा टेबलाशी पोहे खात वर्तमानपत्र वाचत होते. आईनं पोह्यांवर आणखी खोबरं घातलं, लिंबाची फोड ठेवली, आणि पाटी वर्तमानपत्राच्या शेजारी सरकवली. "अहो, एवढी सही करता? बिल्डिंगची नोटीस आहे. सगळ्यांच्या झाल्या, आपलीच राहिलीय."

"तूच कर की."

"घरचा पुरुष घरात असताना मी कशी करू?"

यावर बाबांनी वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं. असली वाक्यं आई कधी बोलायची नाही, म्हणून त्यांना संशय यायला हवा होता, पण आवडलेल्या वाक्याचा संशय कोण घेतो? त्यांनी खिशातलं पेन काढलं. पहिल्या रकान्यात पूर्ण सही. दुसऱ्यात पूर्ण सही. पेन तिसऱ्याशी थांबलं.

"हा सगळ्यांनी कोरा का ठेवलाय?"

"ठेवला असेल," आई म्हणाली. "तुम्ही लॉगबुकात ठेवता का कोरा?"

"छे!" बाबा म्हणाले. "लॉगबुकात कोरा रकाना म्हणजे गुन्हा." आणि त्यांनी तिसऱ्या रकान्यात सही केली, खाली 'चीफ इंजिनिअर' लिहिलं, तारीख घातली, आणि सवयीनं वेळसुद्धा घातली: शून्य-नऊ-दहा. आईनं पाटी उचलली, शाईवर फुंकर मारली, आणि पिवळ्या पट्टीसकट स्वतः मोरिता-सानच्या दाराशी नेऊन दिली.

बेल वाजायला वीस मिनिटंही लागली नाहीत. यावेळी सहा नव्हे, दारापासून लिफ्टपर्यंत रांग. सगळ्या बायका, आणि शनिवार म्हणून त्यांचे नवरेही, हातात खोकी. बाबा बनियनवर होते. मोरिता-साननी भाषण केलं. रडल्या, पण यावेळी मला वाटतं थोड्या हसतही होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका पुरुषानं, एका जहाजाच्या चीफ इंजिनिअरनं, आपणहून हे पद घेतलं, असं युकानं भाषांतर केलं. मग ती पिवळी पट्टी त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली. बाबांच्या उघड्या दंडावर ती बांधली गेली. सगळी रांग एकदम वाकली. बाबाही वाकले, काय करणार.

दार लागल्यावर ते वळले. "अगं, हे काय आहे?"

आईनं कुकर चढवला होता. ती मागे न बघता म्हणाली, "सही केलीत ना?"

बाबांनी तोंड उघडलं. मग त्यांना समुद्र आठवला असावा, कारण तोंड तसंच मिटलं. ते खुर्चीत बसले, दंडावरच्या पट्टीकडे बघत. मी त्यांना हळूच कुबो-सानची गोष्ट सांगितली, रिकाम्या फ्लॅटची, गादीची, आठ महिन्यांची. ती ऐकून ते आणखी थोडे खाली घसरले. कुकरची पहिली शिट्टी झाली. शेवटी त्यांनी मिरजेला फोन लावला.

"दादा... हो, मीच. ते महिनाअखेरचं जमत नाहीये... नाही, तब्येत बरी आहे. मी इथला प्रमुख झालोय. जपान्यांचा... नाही, पगार नाही. सकाळी व्यायाम घ्यायचा आणि कचरा बघायचा... चेष्टा नाही रे दादा, सही केलीय मी. वर्षभर हलता येत नाही." दुसरी शिट्टी झाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मग स्वयंपाकघराकडे पाठ करून, आवाज खाली आणून, पण आम्हाला ऐकू येईल इतकाच खाली आणून ते म्हणाले, "ती नाही येऊ शकत रे. तिच्याशिवाय मला इथलं काहीच येत नाही. तुम्ही वहिनींसाठी एक बाई बघा, पैसे मी पाठवतो."

समुद्रावर जाणं म्हणजे इमारत सोडणं नव्हे, असं बायकांनी एकमतानं ठरवलं. पुढच्या महिन्यात बाबा जहाजावर गेले आणि प्रमुखपदाचं सगळं काम अर्थातच आईनं केलं. नाव बाबांचं आणि राबायचं आईनं, यात मिरजेला नवीन काही नव्हतं. आम्ही त्या इमारतीत आणखी सहा वर्षं राहिलो. पण ते सगळं नंतरचं. त्या शनिवारी तिसरी शिट्टी झाली, खालच्या मजल्यावर पोराला अंघोळीला पाठवल्याचा आवाज आला, आणि आईनं गॅस बंद केला. चार वाजायला खूप अवकाश होता. तरी तिनं एक कप चहा केला, बाल्कनीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसली, आणि संपेपर्यंत उठली नाही. बाबांनी दोनदा हाक मारली होती.